चोपण कोपऱ्यात केळीऐवजी कपाशी

तापीकाठच्या आमच्या शेताच्या सखल कोपऱ्यात केळीच्या जुन्या पानांच्या कडा करपत आणि पावसाचे गढूळ पाणी साचून राही. जमीन बिघडली की लोक थेट जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेले खनिज, टाकतात. माती परीक्षणाआधी तो खर्च मला पटत नाही. अहवालात सामू (आम्ल-विम्लतेचे माप, pH) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांहून अधिक निघाला, म्हणजे जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली) होती. निव्वळ क्षारपड, म्हणजे नुसते विरघळणारे क्षार साचलेली असती, तर निचरा आणि गोडे पाणी एवढ्यावर भागले असते. म्हणून आधी उताराकडे चर खोदला, मगच जिप्सम मिसळून पाणी भरले, कारण कॅल्शियमने मातीच्या कणांवरून हुसकावलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल, तर तो तिथेच राहतो. पुढे धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडला.

पीकही बदलले. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की भाताचे उत्पादन घटू लागते, तर कपाशी सुमारे ७.७ पर्यंत सोसते, मात्र तिची उगवण नाजूकच असते. भातच हवा असणाऱ्यांसाठी कोकणातील खार जमिनींकरिता काढलेले पनवेल १, २ आणि ३ हे वाण आहेत. आमच्या कोपऱ्यातले ढेकूळ आता मुठीत दाबले की फुटते. केळी तिथे अजून लावलेली नाही.