फाइली, क्लिपा आणि कव्हरे: पर्यावरणीय भार कसा जोखावा

कार्यालयातील कागदपत्रे लावून ठेवण्याच्या वस्तू निवडताना वेष्टनावरच्या हिरव्या पानाच्या चित्रावर विसंबू नये. वस्तू कशाची बनली आहे, तिचे भाग एकमेकांना कसे जोडले आहेत आणि ती किती वर्षे वापरात राहील, हे पाहिले की बराचसा हिशेब हाती लागतो. खरेदीची यादी करण्यापूर्वी कपाटे मात्र रिकामी करून पाहावीत. तिथे पडून असलेल्या फाइलीच्या उत्पादनाचा भार पर्यावरणावर आधीच पडून गेलेला असतो आणि ती पुन्हा वापरात आणली की तेवढी एक नवी फाइल बनवावी लागत नाही.

लिव्हर आर्च फाइल उघडून बारकाईने पाहावी. जाड पुठ्ठा, त्यावर डकवलेला प्लास्टिकचा पातळ थर, रिव्हेटने ठोकलेली पोलादी कमान, कण्यावर लेबलासाठी पारदर्शक खिसा. पुठ्ठ्याचा पुन्हा लगदा होऊ शकतो आणि पोलाद कितीही वेळा वितळवता येते, पण हे सारे एकमेकांत जखडलेले असल्यामुळे ते वेगळे करण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. पोलादी कमान धडधाकट असताना पुठ्ठ्याचे कोपरे फाटतात आणि सगळी फाइल टाकून दिली जाते. म्हणून जिची कमान सोडवून घेता येते आणि जिच्या पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा थर नाही, अशी फाइल मिळत असेल तर ती घ्यावी.

तुलना नेहमी वापराच्या वर्षांवर करावी. समजा, पुठ्ठ्याची साधी फाइल दरवर्षी बदलावी लागते आणि पॉलिप्रॉपिलीनची दहा वर्षे टिकते, तर प्लास्टिकच्या एका फाइलीसमोर पुठ्ठ्याच्या दहा फाइली मांडाव्या लागतील. उलट, वर्षातून एकदाच उघडल्या जाणाऱ्या जुन्या नोंदींसाठी पुठ्ठाच पुरेसा आहे.

पारदर्शक कव्हरांवरचा त्रिकोणातील आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पुनर्वापराची हमी देत नाही. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी. माझ्या मते पीव्हीसी टाळावेच, कारण ते मऊ करण्यासाठी मिसळलेली द्रव्ये हळूहळू बाहेर येतात, आणि छापील कागदाची अक्षरे कव्हरला चिकटतात तीही बहुधा त्यामुळेच.

स्टेपलरच्या पिनांची फार चिंता करू नये; कागद कारखान्यातील चाळण्या आणि चुंबक त्या वेगळ्या काढतात. खरी अडचण चिकट पदार्थांची असते. लेबलांचा गोंद लगद्यात मिसळून नव्या कागदावर डाग पाडतो, तर लॅमिनेट केलेला कागद सहसा रद्दीच्या कामाचाच राहत नाही. उष्णतेने छापली जाणारी लेबलेही रद्दीत टाकू नयेत. अशा कागदात वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनावर युरोपीय संघाने २०२० पासून कडक मर्यादा घातली आहे. कागद यंत्रात बारीक कापल्याने तंतू आखूड होतात, म्हणून फक्त गोपनीय कागदच कापावेत.

जुन्या नोंदी निकाली काढण्याचे काम ज्यांच्याकडे असेल, त्यांनी कागद काढून झाल्यावर रिकाम्या फाइली, क्लिपा आणि कव्हरे एका सामाईक खणात ठेवावीत. कोणत्याही विभागाची नवी मागणी मंजूर करण्यापूर्वी तो खण पाहिला गेला आहे, अशी नोंद मागणीपत्रावरच घ्यावी.