घरभेटीला निघताय? आधी पोटाचं विचारा

नव्या सिस्टरांनो, बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर पेशंटना शेवटपर्यंत सांभाळणारं वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, पण अशा जागा मोजक्याच. बहुतेक पेशंटचं शेवटचं सगळं घरातच होतं, आणि तिथे वॉर्डातली हुशारी फारशी कामाला येत नाही.

तीव्र वेदनेवरची मॉर्फिनची साधी गोळी दर 4 तासांनी, हे तुम्हाला पाठ असेलच. गुंगी आणि मळमळ चार-आठ दिवसांत बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. चिठ्ठीवर मॉर्फिन आहे आणि रेचक नाही, असं दिसलं तर डॉक्टरांना तिथूनच फोन लावा. भीड बाळगू नका.

आता खरी मेख. मुलगी दारातच सांगते, "सिस्टर, बाबांना कालपासून जुलाब होतायत. थोडं थोडं, सारखं. कपडे भरतात." लगेच रेचक बंद करून जुलाब थांबवायची गोळी द्यावीशी वाटते. थांबा! आत आठवड्याचा शौचाचा कडक खडा अडकलेला असू शकतो आणि पातळ ते त्याच्या कडेने झिरपतं. वर ती गोळी दिली की बूच पक्कं. मग बाबा तळमळतात, लघवी तुंबते, घरचे म्हणतात दुखणं वाढलं, मॉर्फिन वाढतं आणि पोट आणखी आवळतं. मीही यात फसले आहे, म्हणून कानीकपाळी ओरडते. "घट्ट शेवटची कधी झाली होती?" हे तारखेसकट विचारा. ओटीपोटाला हात लावा. शिकवलेलं असेल तर हातमोजा घालून बोटाने तपासा. प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्रावाची भीती, तेव्हा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोटही नाही आणि एनिमाही नाही.

डायपरचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून सल्ला देणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. अशा शुश्रूषेचा कोर्स जरूर करा, पण त्याआधी एखाद्या खमक्या सीनियर सिस्टरची बॅग उचला. ती रागावेल, रागावू दे.

हात थरथरतील, ठीक आहे. घरच्यांना तुमच्याकडून चमत्कार नको असतो. ओल्या कापसाने ओठ कसे पुसायचे, कूस कधी बदलायची, एवढं नीट दाखवलंत तरी ते सावरतात.

रात्रीचं मात्र दिवसाच ठरवून ठेवा. घाबरून 108 लावली की पेशंट इस्पितळात, कदाचित नळ्यांमध्ये. कोणाला फोन करायचा ते कपाटावर चिकटवा. आणि घरी मृत्यू झाल्यावर 4ए फॉर्म, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, भरून देणारे डॉक्टर कोण, हे आधीच विचारून घ्या. पहाटे अनोळखी डॉक्टर सही करत नाहीत आणि तोवर स्मशानात खोळंबा होतो.