ब्रिटिश तोफखाना रेजिमेंटचा युद्धकाळ कसा शोधावा

दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या ब्रिटिश तोफखाना रेजिमेंटचा माग काढताना प्रथम तिच्या क्रमांकासोबत तिचा प्रकार, म्हणजे फील्ड, मीडियम, रणगाडाविरोधी की विमानविरोधी, हे निश्चित करावे. कारण एकच क्रमांक वेगवेगळ्या प्रकारच्या रेजिमेंटना दिलेला आढळतो. १९३८ पूर्वीच्या कागदपत्रांत अशा तुकडीचा शोध ब्रिगेड म्हणून घ्यावा लागतो.

त्यानंतर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातून युद्धदैनंदिनी, म्हणजे तुकडीने रोजच्या हालचालींची ठेवलेली अधिकृत नोंदवही, मिळवावी. वायव्य युरोपातील १९४४-४५ च्या मोहिमेसाठी डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्ध खाते) १७१, इटलीसाठी डब्ल्यूओ १७० आणि आग्नेय आशियासाठी डब्ल्यूओ १७२ ही मालिका पाहावी. तोफांच्या जागा बहुधा नकाशावरील निर्देशांकांनी नोंदलेल्या असल्यामुळे त्या काळचा लष्करी नकाशा शेजारी नसेल, तर हे वाचन माझ्या मते निम्मे वायाच जाते.

फील्ड रेजिमेंटच्या २४ पंचवीस-पौंडी तोफा युद्धाच्या उत्तरार्धात साधारणपणे तीन बॅटऱ्यांत (तोफांच्या उपतुकड्यांत) विभागलेल्या असत आणि तोफांच्या माऱ्याला दिशा देणारे बॅटरीचे निरीक्षण अधिकारी पायदळासोबत पुढे जात. म्हणून त्या पायदळ बटालियनची दैनंदिनीही अवश्य ताडून पाहावी. तोफखान्याच्या रुक्ष नोंदींत न सापडणारा लढाईचा तपशील अनेकदा तिथेच हाती लागतो.