पुढचा प्रवास कुठे? नाव नंतर, आधी महिना

प्रवासाचं बोलणं बहुतेक वेळा ‘कुठे जायचं?’ इथूनच सुरू होतं. कुणी एक नाव सुचवतं, दुसऱ्याला तिथली गर्दी नको असते, तिसऱ्याला थंडी सोसत नाही, आणि आठवड्याभरात विषय मागे पडतो. नावापासून सुरुवात केली की असंच होतं, कारण नुसतं नाव म्हणजे ठिकाण नव्हे. प्रवासापुरतं ठिकाण म्हणजे जागा, महिना आणि दिवस या तिन्ही गोष्टी एकत्र. त्यांतली एक जरी बदलली तरी हाती येणारा प्रवास वेगळा असतो.

बोलिव्हियातलं सालार दे उयुनी हे मिठाचं अफाट मैदान घ्या. साधारण जानेवारी ते मार्च या पावसाच्या दिवसांत मिठावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि अख्खं आभाळ पायाखाली दिसू लागतं. मे ते ऑक्टोबर तेच मैदान कोरडं खडखडीत असतं आणि मिठावर बहुकोनी आकारांची जाळी उमटलेली असते. आभाळाचं प्रतिबिंब बघायच्या ओढीने ऑगस्टमध्ये गेलेला माणूस हिरमुसतो. उलट पाणी फार साचलं, तर निवडुंगांनी भरलेल्या इंकावासी बेटापर्यंत गाड्या जात नाहीत. व्हिक्टोरिया धबधब्याचंही तसंच आहे. एप्रिलच्या आसपास पाणी इतकं असतं की तुषारांच्या ढगामागे धबधबाच नीट दिसत नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा पडतो. जागा तीच, पण कोणत्या महिन्यात काय बघायला मिळेल हे आधी ठाऊक हवं.

ओढ शोधायची कशी

पहिलं काम फोनमध्येच करता येतं. मागच्या तीन प्रवासांचे फोटो उघडा. प्रसिद्ध जागेसमोर उभं राहून काढलेले सोडून द्या. बाकीच्यांत एकाच गोष्टीचे खूप फोटो कुठे काढलेत ते पाहा: बाजारातले ढीग, दारं-खिडक्या, पक्षी, रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी शेतं. माणूस तोंडाने ‘मला समुद्र आवडतो’ म्हणतो आणि फोटोंत मात्र जुन्या गल्ल्याच भरलेल्या असतात. फोटोंवर जास्त भरवसा ठेवा. सोबत एक प्रश्न लिहून काढा: या वेळी दुपारी चार वाजता मला काय करत असायला आवडेल? चालत, पोहत, वाचत, की कुणाशी गप्पा मारत? या उत्तरातून ठिकाणाचा प्रकार ठरतो. नावाची घाई नको.

मग एक धागा पकडा. इंटरनेटवरच्या ‘पाहायलाच हव्यात अशा’ याद्यांपेक्षा एखाद्या वस्तूचा माग काढणं कितीतरी फलदायी ठरतं. उदाहरणार्थ, इकत कापड. त्याची नक्षी विणून झाल्यावर छापत नाहीत. विणण्याआधीच सूत जागोजागी घट्ट बांधतात आणि मग रंगात बुडवतात. बांधलेला भाग कोरा राहतो. पुन्हा सोडायचं, पुन्हा बांधायचं, दुसरा रंग. मागावर धागे किंचित सरकतात म्हणून नक्षीची कड पुसट, थरथरल्यासारखी दिसते. ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) असे दोन्ही आधी रंगवून नक्षी जुळवण्याचं काम जगात फार थोड्या ठिकाणी होतं. गुजरातमधलं पाटण आणि बालीतलं तेंगानान ही त्यांतली दोन. फक्त ताण्याच्या इकतसाठी उझबेकिस्तानच्या फरगाना खोऱ्यातलं मार्गिलान प्रसिद्ध आहे, आणि इंडोनेशियातलं सुंबा बेटही. एका कापडाने चार जागा दिल्या. कुठल्याही यादीत त्या शेजारी-शेजारी सापडणार नाहीत, आणि तिथे गेल्यावर काय बघायचं हे आधीच ठाऊक असतं.

असा धागा नदीचाही असू शकतो. डॅन्यूब १० देशांना स्पर्श करते आणि व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट, बेलग्रेड या चार राजधान्या तिच्या काठावर आहेत. एक प्रवास जिथे संपला तिथून पुढचा सुरू करता येतो. संग्रहालयात आवडलेल्या वस्तूखालची पाटी वाचून ती मूळची कुठली हे टिपून ठेवा. पक्ष्यांची आवड असेल तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या प्रदेशाचा आलेख उघडा. कोणता पक्षी वर्षातल्या कोणत्या आठवड्यांत दिसल्याच्या नोंदी जास्त आहेत ते लगेच कळतं, म्हणजे जागा आणि महिना एकाच वेळी हाती येतात.

समाजमाध्यमांवरचे फोटो वर्ज्य मानायचं कारण नाही. फक्त तो फोटो कोणत्या महिन्यातला आणि दिवसाच्या कोणत्या वेळचा आहे, एवढं तपासा. नकाशावर त्या जागेखाली लोकांनी टाकलेले फोटो ताज्या क्रमाने लावा आणि आपण जाणार त्या महिन्यातलेच पाहा. चकचकीत फोटोत वगळलेली रांग, बांधकामाची परांची, आटलेलं तळं तिथे दिसतं.

दिवस खरे किती

शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत सुट्टी म्हणजे ९ दिवस. पहिला आणि शेवटचा येण्याजाण्यात जातो, उरले ७. घड्याळात पाच-सहा तासांचा फरक असेल तर शरीर रोज साधारण तासाभरानेच जुळवून घेतं, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन दिवस अर्ध्या ताकदीचे. पूर्वेकडे जाताना हे जास्त जाणवतं, कारण शरीराचं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं. झोप पुढे ढकलणं त्याला सोपं जातं, अलीकडे ओढणं कठीण.

मुक्काम बदलण्याचा हिशोब तर बहुतेकांचा चुकतो. रेल्वेचा प्रवास ३ तासांचा असला तरी सामान बांधणं, खोली सोडणं, स्थानक गाठणं, नव्या गावात खोली मिळायची वाट पाहणं, हे सगळं धरून ६ तास जातात. म्हणून एका मुक्कामाला किमान ३ रात्री द्या, म्हणजे पूर्ण दिवस २ मिळतात. ७ दिवसांत दोन मुक्काम आरामात होतात. तिसरा तेव्हाच घ्यावा, जेव्हा तो परतीच्या वाटेवरच असेल. अंतरासाठी एक ठोकताळा उपयोगी पडतो: घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत एका बाजूला लागणारे तास हे तिथे मिळणाऱ्या पूर्ण दिवसांच्या दुपटीहून जास्त नसावेत. ४ दिवस असतील तर ८ तास, ७ असतील तर १४. विमानाचे तास नव्हे, दारापासून दारापर्यंतचे.

महिना वाचायला शिका

‘अमुक देशाचा सीझन कधी?’ हा प्रश्नच बऱ्याचदा चुकीचा असतो. थायलंडमध्ये अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे फुकेत आणि क्राबीकडे, पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर असतो. आखाताच्या बाजूला असलेल्या को समुईला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. देश एक, किनारे दोन आणि पावसाळेही दोन. नोव्हेंबरअखेर ‘पावसाळा संपला’ म्हणून को समुईची तिकिटं काढली तर आठवडा खोलीत जाऊ शकतो, आणि त्याच आठवड्यात फुकेतला बहुधा ऊन असतं. म्हणून हवामान देशाचं बघू नका, ज्या गावात झोपणार त्या गावाचं बघा.

हवामानाच्या तक्त्यात सरासरी तापमान सगळे बघतात, पण ते सगळ्यात कमी सांगतं. चार आकडे शोधा: पावसाचे दिवस, रात्रीचं किमान तापमान, हवेतली आर्द्रता आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा. महिन्यात २०० मिलिमीटर पाऊस ८ संध्याकाळी कोसळून गेला तर सकाळ मोकळी मिळते. तोच २२ दिवस रिपरिपत राहिला तर छत्री हातातून सुटत नाही. उजेडाचं तर विचारूच नका. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही. ध्रुवीय प्रकाश बघायला अंधार लागतो, म्हणून त्यासाठी सप्टेंबरअखेर ते मार्च हा काळ. जूनमध्ये तिथे जायला हरकत नाही, पण मग रात्रभर उजेडात डोंगर चढण्यासाठी जा.

सुट्टीचे दिवस पक्के असतील तर ओढ न बदलता जागा सरकवता येते. जपानमध्ये टोकियो-क्योतोचा चेरीचा बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो, आणि भर बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. तो हुकला तर उत्तरेकडे सरका. होक्काइदोला तोच बहर एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला असतो. फक्त त्याच सुमारास जपानमध्ये लागोपाठ राष्ट्रीय सुट्ट्या येतात, तेव्हा रेल्वे आणि राहण्याच्या जागा खूप आधी भरतात. चांद्र नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीही येतं, रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. ज्या देशात जायचं त्याचं त्या वर्षाचं सुट्ट्यांचं कॅलेंडर उघडल्याशिवाय तारीख धरू नये.

ज्याने बेत मोडतात

उंची हे पहिलं कारण. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, पेरूतलं कुस्को ३,४०० मीटरवर. दोन्हीकडे विमान सखल भागातून थेट तिथे नेऊन उतरवतं आणि पहिल्या रात्री डोकं ठणकतं, मळमळतं. असं ठिकाण घ्यायचं तर सुरुवातीचे दोन दिवस विश्रांतीचे धरा. ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर ३-४ दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर थांबावं. ५ दिवसांच्या सुट्टीत हे बसत नाही, म्हणून ते ठिकाण या वेळी सोडावं. कुस्कोला मात्र एक सोय आहे: उतरल्यावर आधी खालच्या उरुबांबा खोऱ्यात राहून मग वर यायचं. माचू पिच्चूला पायी नेणारी इंका ट्रेल करायची असेल तर फेब्रुवारी टाळा, त्या महिन्यात दरवर्षी ती वाट देखभालीसाठी बंद असते.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत आधी बघा. पुष्कळ देशांना पोहोचल्यापासून ६ महिने मुदत शिल्लक हवी असते. शेंगेन देशांना (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांना) परतीच्या तारखेनंतर ३ महिने पुरतात, पण पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला हवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसाठी पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, आणि २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरतात. निघायच्या आठवड्यात ही लस आठवली तर उपयोग नाही.

खर्चाचे दोन आकडे

पोहोचण्याचा खर्च आणि तिथला रोजचा खर्च वेगवेगळे मांडा. एकत्र केले की फसगत होते. समजा, एका लांबच्या जागी पोहोचायला ६० एकक आणि रोजचे ५ लागतात. जवळच्या जागी पोहोचायला २०, पण रोजचे १२. ५ दिवसांसाठी लांबची जागा ८५ ला पडते, जवळची ८० ला. ६ दिवसांना लांबची ९० आणि जवळची ९२. म्हणजे सहाव्या दिवसापासून लांबची जागा स्वस्त. लांब पण स्वस्त जागा मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवा, जवळ पण महाग जागा छोट्या सुट्टीत उरका.

तिघांतून एक

एवढ्या चाळण्यांतून दोन-तीन नावं उरतात. त्यांना गुण देऊन बेरीज करायचा मोह होतो, तो आवरा. बेरजेत एखादी असह्य गोष्ट झाकली जाते: समुद्राला १०, जेवणाला ९, खर्चाला ८, आणि सोबतच्या आजीला रोज २०० पायऱ्या चढाव्या लागतात त्याला १. बेरीज चांगली दिसते, आजी मात्र खोलीत बसून राहते. त्याऐवजी प्रत्येकाने दोनच ओळी लिहाव्यात, एकमेकांना न दाखवता: एक गोष्ट हवीच, एक गोष्ट नकोच. आधी सगळ्यांचे ‘नकोच’ लावून नावं गाळा, मग उरलेल्यांत जास्तीत जास्त ‘हवीच’ कुठे जमतात ते बघा. लहान मुलांकडूनही या ओळी लिहून घ्या. त्यांचं ‘नकोच’ फार नेमकं असतं.

शेवटची परीक्षा म्हणजे तिथला एक साधा बुधवार लिहून काढणं. सकाळी किती वाजता उजाडेल, नाश्ता कुठे, पहिली जागा किती चालून, दुपारच्या उन्हात काय, संध्याकाळी परत कसं यायचं. गूगल मॅप्सवर रस्त्यांचे फोटो दाखवणाऱ्या स्ट्रीट व्ह्यूवर स्थानकापासून मुक्कामापर्यंतची वाट पावलापावलाने बघा: पदपथ आहे का, चढ किती, आसपास दुकानं दिसतात का. परीक्षणं वाचताना पाच तारे आणि एक तारा सोडून तीन ताऱ्यांची वाचा. खोली छान पण भिंती पातळ, असं तिथेच सापडतं. बंद असण्याचे वारही बुधवार लिहितानाच तपासले जातात. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि ओर्से संग्रहालय सोमवारी; आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी. हा बुधवार लिहिताना हात अडखळला, दुपार रिकामीच राहिली, तर ती जागा तुमच्यासाठी नाही किंवा तिला इतके दिवस नकोत.

निर्णयाला तारीख घाला. व्हिसा लागणार असेल तर निघण्याआधी साडेतीन-चार महिने, नसेल तर दोन. त्या दिवशी रद्द करता येणारी खोली धरा, मग विमानाचं तिकीट. उलट क्रमाने केलं तर तिकीट हातात आणि राहायला जागा नाही अशी वेळ येते. जी नावं गळली ती फेकू नका. एका वहीत बारा पानं करा, प्रत्येक महिन्याला एक, आणि ते नाव त्याच्या योग्य महिन्याच्या पानावर टिपा: जागा, किमान दिवस, कशासाठी जायचं, आणि या वेळी का सोडलं. पुढच्या वेळी रजा कोणत्या महिन्यात मिळते ते कळलं की सरळ तेच पान उघडायचं.