सामाजिक शास्त्रांच्या वर्गात इस्लाम शिकवताना या चुका टाळा

अनेक अभ्यासक्रमांत इस्लामच्या वाट्याला जेमतेम दोन तासिका येतात. पहिलीत पाच स्तंभ, पैगंबरांचे चरित्र आणि सुन्नी-शिया फरक; दुसरीत हिजाब नाहीतर दहशतवाद. मधली चौदाशे वर्षे गायब! असा विद्यार्थी परीक्षेत पाचही स्तंभ बिनचूक लिहितो, पण एखाद्या मुस्लिम समाजात वारसाहक्क कसा ठरतो हे विचारले की थेट कुराणातली आयत (वचन) शोधायला लागतो. दोष त्याचा नाही. अभ्यासक्रमाच्या मांडणीनेच त्याला ती सवय लावलेली असते.

इस्लामलाच कारण मानणे

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात. ‘इस्लाममध्ये स्त्रीचे स्थान काय?’ हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. समाजशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या प्रश्नात देश, काळ, कायदा आणि वर्ग आलाच पाहिजे. ते नसेल तर उत्तर म्हणून ‘कारण इस्लाम तसे सांगतो’ एवढेच हाती लागते.

यावर ६० मिनिटांची एक तासिका पुरते. पहिली १० मिनिटे बहुपत्नीत्वाच्या चर्चेत नेहमी पुढे येणारी, कुराणातल्या सूरा (अध्याय) ४ मधली आयत ३ वाचायला द्या, आणि त्याच सूरेतली आयत १२९ही द्या. मग तीन कायदे फळ्यावर मांडा. तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्विस कायद्यावर बेतलेली नागरी संहिता आणून बहुपत्नीत्व बंद केले. ट्युनिशियाने ते १९५६ च्या संहितेने बंद केले. मोरोक्कोने २००४ च्या सुधारणेत बंदी घातली नाही, पण न्यायालयाची परवानगी आणि कडक अटी ठेवल्या. पुढची २५ मिनिटे गटांना एकच काम: मजकूर एक, निकाल तीन, तर फरक आला कुठून?

इथे ट्युनिशियाचे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते. तिथल्या हबीब बुर्गिबा यांच्या सरकारने धर्म बाजूला सारला नाही. सर्व पत्नींना समान वागवणे माणसाला जमणार नाही, या आयत १२९ मधल्या विधानाचा आधार घेऊनच बंदीचे समर्थन केले. ज्या सूरेवरून इतरत्र परवानगी निघते, तिच्यातूनच इथे मनाई निघाली. नवे स्वतंत्र राज्य, जुन्या उलेमांची (धर्मपंडितांची) घटलेली ताकद आणि नेत्याचा कार्यक्रम हे सगळे चर्चेत आपोआप येते. शेवटची २५ मिनिटे त्याच्यासाठी राखा.

जोडीला इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रातला मिनांगकाबाऊ समाज घ्या. हे लोक श्रद्धेने मुस्लिम आहेत, तरी वंश आईकडून मोजतात आणि वडिलोपार्जित जमीन स्त्रियांच्या शाखेतून पुढे जाते. स्वकष्टार्जित मालमत्तेला मात्र इस्लामी वारसानियम लावण्याची रीत आहे. ‘अदत’ म्हणजे रूढी आणि धर्मनियम यांच्यातली ही वाटणी समजली की ‘मुस्लिम कुटुंब’ असा एकच साचा विद्यार्थी पुन्हा वापरत नाही.

मात्र लंबक दुसऱ्या टोकाला जाऊ देऊ नका. ‘धर्म नुसता मुखवटा, खरे ते राजकारण’ हेही आळशी उत्तरच. कैरोतल्या मशिदींमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांवर मानवशास्त्रज्ञ सबा महमूद यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे वाचायला द्यावा. त्या स्त्रियांची धार्मिकता ही दुसऱ्या कशाची तरी खूण मानली, तर त्या स्वतः काय करत आहेत हेच निसटते.

शरिया म्हणजे एक पुस्तक समजणे

शरिया नावाचा छापील ग्रंथ नाही. शरिया ही ईश्वरी मार्गाची कल्पना. तो समजून घेण्याचा विद्वानांचा मानवी प्रयत्न म्हणजे फिक्ह. सुन्नींचे हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली हे चार मुख्य विधिपंथ (कायद्याच्या विचारपरंपरा) आणि शियांचा जाफरी पंथ अनेक मुद्द्यांवर वेगळे निकाल देतात. त्यात आधुनिक राज्यांनी संहिता केल्या, म्हणजे तिसरा थर. उत्तरपत्रिकेत ‘शरियानुसार’ आले की समासात विचारा: कोणता पंथ, कोणता देश, कोणते वर्ष?

पश्चिम आशियापुरतेच वाचन

सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशांत पहिल्या रांगेत इंडोनेशिया, पाकिस्तान आणि भारत आहेत. जगातले बहुसंख्य मुस्लिम अरब नाहीत. वाचनयादीतल्या चारपैकी किमान दोन लेख अरब जगाबाहेरचे हवेत. आणि इतिहासकार-विचारवंत इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांना ‘इस्लाम’च्या आठवड्यात कोंबू नका. गटाची एकजूट सत्ता कशी मिळवून देते आणि ऐषआरामात ती कशी विरते, हा त्यांचा ‘असबिया’चा विचार सिद्धांताच्या आठवड्यात, समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमच्या शेजारी बसतो.

शब्दांची सरमिसळ

‘इस्लामी’ म्हणजे धर्माशी संबंधित, ‘मुस्लिम’ म्हणजे माणसांशी. मुस्लिम मतदार असतात, इस्लामी मतदार नसतात. ‘मूलतत्त्ववाद’ या शब्दामागची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी प्रोटेस्टंट वादातून आली आहे. ती उचलून सलफी (आरंभीच्या मुस्लिम पिढ्यांचे आचरण प्रमाण मानणारे), सूफीविरोधी सुधारक आणि निवडणूक लढवणारे पक्ष या सगळ्यांना लावली, की त्यांच्यातले फरक पुसले जातात.

वर्ग घसरतो तेव्हा

कोणी म्हणते, ‘हा खरा इस्लाम नव्हेच.’ न्यायनिवाडा करत बसू नका. ते वाक्यच अभ्यासाचा विषय आहे. असे कोण म्हणतो, कोणाविरुद्ध आणि कोणत्या ग्रंथाच्या आधारे? मानवशास्त्रज्ञ तलाल असद यांनी १९८६ मध्ये मांडलेली चर्चापरंपरेची कल्पना नेमकी इथे लागू पडते: मुस्लिम कुराण आणि हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) समोर ठेवून योग्य आचरण कोणते यावर वाद घालत आले आहेत.

कोणी अनेकेश्वरवाद्यांना ठार मारण्याविषयीची सूरा ९ ची आयत ५ फेकते. लगेच आयत ६ वाचा, जिच्यात आश्रय मागणाऱ्या अनेकेश्वरवाद्याला आश्रय देऊन सुरक्षित जागी पोहोचवायला सांगितले आहे. मग दोन वेगवेगळ्या काळांतली भाष्ये शेजारी ठेवा. कुराणाच्या ११४ सूरा कालक्रमाने लावलेल्या नाहीत, ढोबळमानाने मोठ्याकडून लहानाकडे आहेत, हेही तेव्हाच सांगा. कोणती आयत ‘आधीची’, कोणती ‘नंतरची’ या वादाला त्याशिवाय अर्थ नाही.

आणि सगळ्यात नकोसा क्षण: सगळ्या माना वर्गातल्या एकमेव मुस्लिम विद्यार्थ्याकडे वळतात. शिक्षकाने ‘तुमच्यात काय करतात?’ विचारले तर संपलेच. तो शिया आहे की नास्तिक, हेही शिक्षकाला ठाऊक नसते. प्रश्न वाचलेल्या मजकुराकडे वळवा. त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल.

वेळापत्रक

हिजरी म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो. गेल्या वर्षीचे वेळापत्रक तसेच उचलले की तोंडी परीक्षा उपवासाच्या संध्याकाळी पडते. ईदचा दिवस अनेक ठिकाणी चंद्रदर्शनावर ठरतो, तेव्हा अपेक्षित तारखेच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही दिवस परीक्षेविना ठेवा.