नदीतला स्मॉलमाउथ बास गळाला लागत नाही? या चुका टाळा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ सस्क्वेहॅना नदी जवळजवळ मैलभर रुंद आहे. एवढं मोठं पात्र पाहिलं की नवखा माणूस जमेल तितका लांब गळ फेकतो आणि संध्याकाळी हात हलवत परत येतो. मासा बहुतेक वेळा जवळच असतो, पाणी वाचायचं राहून गेलेलं असतं.

स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाला धारेशी झुंजत बसायचं नसतं, पण खाणं धारच आणून देते. म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, वेगवान आणि संथ पाणी भेटतं त्या रेघेलगत थांबतो. ही रेघ डोळ्यांना दिसते: फेस आणि पानं तिच्यावरूनच वाहतात. दगडाच्या मागचा भोवरा सगळेच बघतात. दगडाच्या पुढेही पाणी अडून संथ होतं, तिथेही मासा असतो आणि ती जागा हमखास सुटते.

दुसरी चूक आमिष ओढण्याची. या माशाचं आवडतं खाणं क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटीशी शेवंड. ती तळाशी धारेबरोबर घरंगळत येते. तुमची ट्यूब जिग (वजनदार गळावर चढवलेलं नळीसारखं मऊ आमिष) मात्र धारेला आडवी धावत असेल, तर तिच्यावर कोण विश्वास ठेवेल? वरच्या अंगाला तिरका गळ फेका, रॉडचं टोक उंच ठेवा आणि धारेलाच काम करू द्या. तंगूस ढिली पडू नये, ताणलीही जाऊ नये. टोच नेहमी झटक्यासारखी येत नाही. पुष्कळदा तंगूस नुसती बाजूला सरकते किंवा वाहायची थांबते. तेव्हाच झटका द्या.

जिग सारखी खडकात अडकते? वजन जास्त आहे. पाव औंसावरून अष्टमांश औंसावर या. तळ लागतच नसेल तर उलट करा. अडकलेली जिग जोर लावून ओढू नका. जपून वरच्या अंगाला जा आणि विरुद्ध दिशेने सोडवा.

ऋतूकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की मासे खोल, संथ डोहात जातात. तिथे आमिष जवळजवळ स्थिर ठेवावं लागतं. ऐन उन्हाळ्यात पृष्ठभागावरची आमिषं पहाटे आणि तिन्हीसांजेला चालवा. भर दुपारी खळाळाकडे वळा, तिथल्या पाण्यात ऑक्सिजन जास्त असतो.

वसंतात पाणी 15-16 अंशांवर आलं की नर घरटं करून अंडी राखतो. त्याला उचललं की आसपासचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. घरट्यावरचा मासा दिसला तर पुढे चला, ही माझी कळकळीची विनंती. याच नदीत 2005 मध्ये बासची पिल्लं रोगाने मोठ्या संख्येने मेली होती. इथला मासा गृहीत धरू नये.

मासा हवेत उडी मारतो तेव्हा रॉड खाली झुकवा आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटताना अडवणारा ब्रेक, आधीच थोडा सैल ठेवा. हाताळताना हात ओले करा.

पेनसिल्व्हेनियात 16 वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं. निघण्याआधी यूएसजीएस या अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या गेजवर (पाणीपातळी मोजणाऱ्या यंत्रावर) नदीची पातळी बघा; पाणी चढत असेल आणि गढूळ असेल तर पात्रात उतरू नका. हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीट बंधाऱ्याजवळ तर फिरकूच नका. त्याखालचं उलटं फिरणारं पाणी लाइफ जॅकेट घातलेल्या माणसालाही धरून ठेवतं.