नवं लेडीज मेकॅनिकल घड्याळ कसं पारखायचं

बायकांसाठी एखादं नवं, महागडं मेकॅनिकल, म्हणजे सेलऐवजी स्प्रिंगवर चालणारं, घड्याळ आलं की आम्हा घड्याळवेड्यांत आधी आनंद होतो आणि मग वाद. आनंदाचं कारण जुनं आहे. वर्षानुवर्षं पुरुषांना यंत्र आणि बायकांना हिरे, अशीच वाटणी होती. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं 'ट्वेंटी-फोर' 1999 साली आलं ते सेलवर चालणारं. त्याचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं, रूप यायला 2018 उजाडलं. मी तेव्हा हरखून गेले होते. ओळखीच्या मंडळींत मात्र त्याचा 36 मिलिमीटरचा व्यास मोठा की बरोबर, आणि स्टीलच्या घड्याळालाही 160 हिरे कशाला, यावर जुंपली.

मापाचा वाद घरच्या फूटपट्टीने सुटतो. मनगटाचा घेर नको, वरचा सपाट भाग आडवा मोजा. माझा 46 मिलिमीटर भरतो. पट्टा अडकतो त्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर यापेक्षा कमी असेल तरच घड्याळ नीट बसतं. डायलचा नुसता व्यास फसवतो.

दुकानात मला नेहमी आधी हिरे दाखवले जातात. तुम्ही सरळ घड्याळ पालथं करायला सांगा. या ऑटोमॅटिक ट्वेंटी-फोरला मागेही काच आहे, तिच्यातून 21 कॅरेट सोन्याचा रोटर, म्हणजे हात हलला की चावी देणारं वजन, फिरताना दिसतो. मग ते हातात घालून मनगट मागे वाकवा. बाजूची चावी हाताच्या पाठीला टोचली तर दिवसभर टोचणार. ती ओढून, फिरवूनही बघा. बायकांच्या घड्याळात चावी इवलीशी असते, नखाने ओढावी लागत असेल तर मी ते घड्याळ घेत नाही. आई चहाचं आधण ठेवलं की एचएमटीला चावी द्यायची, दोन बोटांत धरून, हाताला जड लागेपर्यंत. तो जडपणा बोटांना कळायलाच हवा. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तो जाणवत नाही. बंद पडलेलं असेल तर वीस-तीस फेरे पुरे.

पूर्ण चावी दिल्यावर किती तास चालतं तेही विचारा. 45 तासांचं घड्याळ शुक्रवारी रात्री नऊला काढून ठेवलंत तर रविवारी संध्याकाळी थांबतं. पुन्हा लावताना रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असतील तर तारीख बदलू नका, आतल्या चाकांचे दाते दुखावतात. पाण्यात तीस मीटरपर्यंत चालतं असं लिहिलं असलं तरी पोहताना नको. सर्व्हिसिंगचा खर्च घेण्याआधीच विचारून ठेवा.

घरी आणल्यावर त्याच हातात पाटल्या-बांगड्या नकोत, एकमेकांवर घासून चरे पडतात. आणि पर्स सांभाळा! माझं घड्याळ एकदा दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं. पर्सच्या चुंबकाच्या बटणाशेजारी ते रात्रभर पडलं होतं. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकत्वाने स्वतःलाच चिकटते, म्हणून घड्याळ धावतं. शंका आली तर होकायंत्राजवळ धरून बघा, सुई हलली की समजा. आमच्या घड्याळजींनी ते चुंबकत्व काढायच्या छोट्या यंत्रावर ठेवलं, बटण दाबून हळूच वर उचललं, आणि काही सेकंदांत काम झालं.